उरलेले तुकडे आणि आलमारीतले चार्जर

(चिंतनासाठी शुभवर्तमान : योहान ६:१-१५)



पाच भाकरी आणि दोन मासे यांचा चमत्कार आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. डोंगरावर जमलेला लोकसमुदाय, त्यात पुरुषच सुमारे पाच हजार. दोनशे दिनारांच्या भाकरी आणल्या तरी प्रत्येकाच्या वाट्याला घासभरसुद्धा येणार नाही, हा फिलिपचा हिशेब. आणि अंद्रियाने दाखवलेला तो मुलगा. त्याच्या शिदोरीतल्या भाकरी जवाच्या होत्या. जव हे त्या काळी गरिबाचे धान्य. आपल्याकडची कळण्याची भाकर म्हणा ना. प्रभूने त्या भाकरी हाती घेतल्या, उपकारस्तुती केली आणि वाटल्या. सगळे पोटभर जेवले.

बहुतेक वेळा आपण गोष्ट येथेच संपवतो. संत योहान मात्र येथे थांबत नाही. लोक तृप्त झाल्यावर प्रभूने शिष्यांना पुन्हा कामाला लावले. उरलेल्यातले काही फुकट जाता कामा नये म्हणून त्याने तुकडे वेचून घेतले, आणि बारा टोपल्या भरल्या.

जरा विचार करा. ज्याच्या हाती पाच भाकरी पाच हजारांना पुरतात, त्याला तुकड्यांची काय गरज? उद्या भूक लागली तर तो उद्याही भाकर देऊ शकतो. म्हणजे तुकडे टंचाईमुळे वेचले नाहीत. भरपूर असतानाही वस्तूचा मान राखावा, ही त्यातली शिकवण आहे. ती भाकर कुणाच्या तरी शेतात पिकली, कुणी तरी दळली, कुणी तरी भाजली, एका आईने फडक्यात बांधून पोराच्या हाती दिली. आपले पोट भरले म्हणून त्या सगळ्या श्रमांची किंमत उतरत नाही. दुसरी शिकवण अशी की वाटप झाले म्हणून वाटणाऱ्याचे काम संपत नाही. मागे काय उरले आणि त्याचे काय झाले, हे पाहणे त्याच कामात मोडते.

हा धडा आज आपण एका अगदी साध्या वस्तूला लावून पाहू. ती वस्तू म्हणजे मोबाईलचा चार्जर. उपदेशात चार्जर कशाला, असे कुणाला वाटेल. पण खरे सांगायचे तर घरातल्या अल्तारावरच्या मेणबत्तीपेक्षा चार्जर आपल्या हाती अधिक वेळा येतो. जी वस्तू रोज हाती येते, तिच्याविषयी श्रद्धेला काही सांगायचे नसेल तर ती श्रद्धा फक्त रविवारचीच राहील.

घरोघरीची आलमारी

आज घरी गेल्यावर आलमारीचा तो एक खण उघडून पाहा. प्रत्येक घरात तो असतो. त्यात जुन्या नोकियाचा जाड पिनचा चार्जर सापडेल, नंतरचा बारीक पिनचा सापडेल. दुसऱ्या एखाद्या कंपनीचा, तिच्याच फोनला बसणारा, रुंद तोंडाचा सापडेल. मग दुकानात जिला 'व्ही-एट' म्हणतात ती मायक्रो यूएसबी पिन, आणि अलीकडची टाईप-सी. शिवाय खोक्यातून आलेले आणि कधीच न वापरलेले इअरफोन. फोन केव्हाच गेले, त्यांचे सोबती मागे राहिले.

यातले कितीतरी चार्जर बिघडलेले नाहीत. बोर्डात लावले तर आजही वीज देतील. पण त्यांची पिन कशातच बसत नाही. बोटे, तळवा, ताकद सगळे शाबूत असलेल्या माणसाला काम मिळू नये, तशी त्यांची गत.

आपल्या शेतकरी घरांना ही गोष्ट खरे तर परकी आहे. कापसाचेच पाहा. वेचणी झाली, जिनात रुई आणि सरकी वेगळी झाली. रुई सुताला गेली, सरकीचे तेल निघाले, ढेप गुरांच्या पुढ्यात पडली, आणि शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाट्या चुलीत व कुंपणाला कामी आल्या. यात टाकाऊ काय? आजीचे लुगडे फाटले की त्याची गोधडी झाली, गोधडी विटली की तिचे पोतेरे झाले. तुकडे वेचण्याचा धडा आपल्या लोकांना कुणी पुस्तकातून शिकवला नव्हता. अशी माणसे एका पिढीत खणभर निकामी वायरी सांभाळणारी कशी झाली?

सगळा दोष आपल्या सवयीवर टाकता येणार नाही. कापसाचे झाड जसे होते तसे देवाने दिले. चार्जर मात्र माणसाने बनवला, आणि बनवतानाच असा बनवला की तो दुसऱ्याच्या फोनला बसू नये. कचरा आपल्या घरी येण्याआधीच कारखान्यात ठरला होता.

माप एकच हवे

जुन्या करारात लेवीय १९ आणि अनुवाद २५ या अध्यायांत वजनमापांविषयीचे नियम आहेत. घेताना एक आणि देताना दुसरे अशी दोन वजने थैलीत बाळगण्यास तेथे सक्त मनाई आहे. एवढ्या मोठ्या देवाला दुकानदाराच्या थैलीत डोकावण्याचे काय कारण? कारण हेच की जेथे मापे दोन असतात, तेथे नुकसान नेहमी अडाण्याचे आणि अडलेल्याचे होते. जाणता माणूस आपली सुटका करून घेतो.

आपल्यातील वयोवृद्धांना शेर, पायली, मण आठवत असतील. एका मुलखाची पायली दुसऱ्या मुलखात चालत नसे, आणि त्या फरकातून कुणाचे घर भरे हेही त्यांना आठवत असेल. १९५६ साली वजने व मापे प्रमाणित करणारा कायदा झाला आणि १ ऑक्टोबर १९५८ पासून मेट्रिक वजने टप्प्याटप्प्याने वापरात आली. आज वडनेरचा किलो आणि मुंबईचा किलो एकच आहे. ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे की तिच्यात न्याय आहे हेसुद्धा आपण विसरलो आहोत.

चार्जरच्या पिनचा प्रश्न त्याच जातीचा आहे. युरोपात २००९ साली मोठ्या फोन कंपन्यांनी मायक्रो यूएसबी हे एकच तोंड ठेवण्याचा करार स्वखुशीने केला. त्यामुळे पिनांचे प्रकार पुष्कळ कमी झाले. पण करार स्वखुशीचा असल्याने ज्याला आपले वेगळे तोंड ठेवायचे होते, त्याने ते ठेवले. शेवटी २०२२ साली युरोपीय संघाने कायदाच केला. २८ डिसेंबर २०२४ पासून तेथे विकले जाणारे नवे फोन, टॅब्लेट, कॅमेरे यांना टाईप-सी तोंड बंधनकारक झाले; लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरवण्यात आली. टाकून दिलेल्या आणि न वापरलेल्या चार्जरचा कचरा वर्षाला सुमारे ११ हजार टन होतो, आणि एका मापामुळे ग्राहकांचे वर्षाला २५ कोटी युरो वाचतील, असा त्या संघाचा अंदाज होता. ॲपलसारख्या कंपनीनेही सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या आयफोन १५ पासून आपली वेगळी पिन सोडून टाईप-सी घेतली.

आपल्या देशातही हा विचार झाला. ऑगस्ट २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने उद्योगाच्या प्रतिनिधींना बोलावून चर्चा केली. नोव्हेंबरच्या बैठकीत स्मार्टफोन, टॅब्लेट आणि लॅपटॉपसाठी टाईप-सी असावे यावर सहमती झाली. स्वस्त बटनाच्या फोनचा विचार वेगळा करावा असेही सुचवले गेले. जानेवारी २०२३ मध्ये भारतीय मानक ब्यूरोने टाईप-सी केबल आणि तोंडाविषयीचे मानक जाहीर केले.

पण बंधुभगिनींनो, तोंड एक झाले म्हणजे माप एक झाले असे समजू नका. टाईप-सीच्या दोन केबली दिसायला सारख्या असतात, आणि एक साठ वॅटची तर दुसरी दोनशे चाळीस वॅटची असू शकते. काही कंपन्यांचे जलद चार्जिंग त्यांच्याच चार्जरवर चालते. दुसऱ्याचा लावला तर फोन चार्ज होतो, पण गोगलगायीसारखा. संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात खरेदी-विक्रीतील न्यायाविषयी लिहिताना एक मुद्दा मांडला आहे : मालातला जो दोष घेणाऱ्याला सहज दिसत नाही आणि ज्याने त्याचे नुकसान होईल, तो विकणाऱ्याने सांगितला पाहिजे. सातशे वर्षांपूर्वीच्या त्या बाजारात घोडे आणि धान्य होते, आपल्या बाजारात केबली आहेत. नियम तोच लागू पडतो. खोक्यावर काय लिहिले आहे ते ग्राहकाला कळेल असे आणि खरे असावे, एवढे मागणे हा आपला हक्क आहे.

खोक्यातून काय काढले?

आता दुसरी बाजू. ऑक्टोबर २०२० मध्ये ॲपलने आयफोन १२ सोबत खोक्यात चार्जर आणि इअरफोन देणे बंद केले. जानेवारी २०२१ मध्ये सॅमसंगने गॅलॅक्सी एस २१ च्या खोक्यातून चार्जर काढला. पुढे इतरही काही कंपन्यांनी तेच केले. लोकांच्या घरी आधीच चार्जर आहेत, खोका लहान झाला की वाहतूक कमी लागते आणि पर्यावरणाचे रक्षण होते, असे कारण देण्यात आले.

हे कारण खोटे म्हणता येणार नाही. ज्या घरात पाच चार्जर आहेत तेथे सहावा कशाला? तरीही ख्रिस्ती माणसाने एक प्रश्न विचारलाच पाहिजे. हा त्याग कुणी केला आणि त्याचा लाभ कुणाला झाला? भारतात २०१९ साली चार्जरसह आलेल्या आयफोन ११ ची किंमत ६४,९०० रुपयांपासून सुरू होत होती. २०२० साली चार्जरविना आलेल्या आयफोन १२ ची किंमत ७९,९०० रुपयांपासून सुरू झाली. नव्या फोनमध्ये इतर सुधारणा होत्या हे मान्य करू. पण चार्जर वाचला म्हणून ग्राहकाचे पैसे वाचले, असे काही दिसले नाही. शिवाय खोक्यात जी केबल दिली तिचे एक टोक टाईप-सीचे होते. घरी पडलेल्या जुन्या चार्जरमध्ये ते बसतच नव्हते. घरी आहे तो वापरा म्हणायचे आणि घरी आहे त्यात न बसणारी केबल हाती द्यायची, याला काय म्हणावे? सप्टेंबर २०२२ मध्ये ब्राझीलच्या न्याय मंत्रालयाने चार्जरविना आयफोन विकण्यास मनाई केली आणि कंपनीला दंड ठोठावला.

यशया संदेष्ट्याने ५८ व्या अध्यायात अशाच एका उपवासाची झाडाझडती घेतली आहे. लोक उपास करीत होते, आणि त्याच दिवशी आपल्या मजुरांना पिळून काढीत होते. तो उपवास देवापर्यंत पोचला नाही. दुसऱ्याच्या ताटातली भाकर काढून घेऊन उपवासाचे पुण्य आपल्या नावावर मांडता येत नाही. थोडक्यात भागवणे हा सद्गुण आहे, पण तो स्वतःपासून सुरू व्हावा लागतो.

यात सर्वांत जास्त झळ कुणाला बसते ते पाहा. ज्याच्या घरी चौथा फोन येतो त्याला काही फरक पडत नाही. पण ज्या घरात पहिलाच स्मार्टफोन येतो, मुलीच्या शिक्षणासाठी निंदणी-वेचणीची मजुरी साठवून घेतलेला, तेथे खणात जुना चार्जर कोठून असणार? फोन घेतला की हातात उरलेल्या पैशांत जो मिळेल तो चार्जर आणला जातो. हायवेच्या कडेला, बाजाराच्या दिवशी कापडावर मांडलेला. आपल्या घरच्या बोर्डात २३० व्होल्टची वीज असते आणि साध्या चार्जिंगला फोनला हवे असतात ५ व्होल्ट. या दोन बाजूंना एकमेकींपासून सुरक्षित दूर ठेवणे हेच चार्जरचे खरे काम. हलक्या चार्जरमध्ये नेमकी याच ठिकाणी काटकसर केलेली असते. तो तापतो, शॉक देतो, कधी पेट घेतो. आणि फोन उशाशी चार्जिंगला लावून निजणारी आपली मुले असतात. म्हणून सांगतो, मोबाईलच्या चार्जरला भारतीय मानक ब्यूरोची नोंदणी सक्तीची आहे. त्याच्यावर ब्यूरोचे चिन्ह आणि इंग्रजी 'आर' अक्षराने सुरू होणारा क्रमांक असतो. तो पाहिल्याशिवाय चार्जर घेऊ नका. ब्यूरोच्या 'बीआयएस केअर' या ॲपवर तो क्रमांक खरा की खोटा हे तपासता येते. घरातल्या शाळकरी मुलांना सांगा, ती क्षणात पाहून देतील.

युरोपच्या कायद्यात याविषयी एक शहाणपणाची तरतूद आहे. ग्राहकाला चार्जरविना फोन घेण्याची मुभा मिळाली पाहिजे, आणि खोक्यात चार्जर आहे की नाही हे वरच चित्राने दाखवले पाहिजे. ज्याच्याजवळ आहे त्याने घेऊ नये, ज्याच्याजवळ नाही त्याने घ्यावा. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात पहिल्या ख्रिस्तमंडळाचे वर्णन वाचले तर वाटपाची हीच रीत दिसते : ज्याची जशी गरज, तसे त्याला मिळत असे. सर्वांना सरसकट देणे सोपे, सर्वांकडून सरसकट काढून घेणेही सोपे. गरज विचारून देणे कठीण, आणि न्याय तेथेच आहे.

टाकलेली वस्तू कोठे जाते?

आपण 'टाकले' असे म्हणतो. पण तत्त्वज्ञानाचा विद्यार्थी विचारील, टाकले म्हणजे कोठे टाकले? देवाच्या सृष्टीत 'बाहेर' नावाची जागा नाही. वस्तू आपल्या नजरेआड होते, एवढेच.

संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन इलेक्ट्रॉनिक कचरा निर्माण झाला. त्यातला २२.३ टक्केच रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. भारताचा वाटा सुमारे ४१ लाख टनांचा. चीन आणि अमेरिकेनंतर आपला क्रमांक. चार्जर हा या डोंगरातला एक खडा. पण खडा आपल्या हातचा आहे, म्हणून त्याच्यापासून सुरुवात करायची.

भंगारात गेलेल्या वायरीतून तांबे काढायचे असते. सोलत बसायला वेळ लागतो, म्हणून ढीग करून पेटवतात. वरचे प्लास्टिक जळते, त्याच्या धुरात डायॉक्सिनसारखी विषे असतात, आणि खाली तांबे उरते. सर्किटच्या पट्ट्यांना डाक देताना वापरलेले शिसे असते; काही ठिकाणी त्या पट्ट्या ॲसिडमध्ये बुडवून धातू काढतात. उत्तर प्रदेशातील मुरादाबादला रामगंगेच्या काठी हे काम घरोघरी चाले आणि तेथली माती व पाणी त्याने खराब झाले. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२१ मध्ये सांगितले की कचऱ्याच्या अशा असंघटित व्यवसायात जगभर १ कोटी २९ लाख बाया काम करतात. आणि ज्या असंघटित उद्योगांचा हे काम एक भाग आहे, त्यांत १ कोटी ८० लाखांहून अधिक मुले गुंतलेली आहेत, काही तर अवघी पाच वर्षांची. शिसे मोठ्यांपेक्षा मुलांच्या मेंदूवर अधिक घाला घालते.

मुरादाबाद दूर आहे म्हणून आपण निश्चिंत राहू नये. आपल्या गावाचा उकिरडा जवळच आहे. पूर्वी उकिरड्यावर जे पडे ते मातीतून आलेले असे : शेण, काडीकचरा, राख, भाजीचे देठ. वर्षभराने त्याचे खत होई आणि ते गाडीतून शेतात जाई. आज त्याच उकिरड्यावर तुटका चार्जर, रिमोटचे सेल, फुगलेली बॅटरी पडते. ते कुजत नाही. खताबरोबर ते आपल्याच वावरात जाते, किंवा कुणी उकिरडा पेटवला की त्याचा धूर आपल्याच अंगणात येतो. शेतातली भाकर ताटात येते हे आपल्याला ठाऊक आहे. मग शेतात काय गेले, याचा विचार नको का?

लूकच्या १६ व्या अध्यायातील श्रीमंत माणूस आठवा. त्याने लाजरसाला मारले नाही, हाकलले नाही. त्याच्या दारात कोण पडले आहे हे त्याने पाहिले नाही, इतकाच त्याचा अपराध. आपल्या टाकलेल्या वस्तूच्या शेवटी कुणाचे तरी हात आणि कुणाची तरी फुफ्फुसे आहेत. ते आपल्या दारात दिसत नाहीत, म्हणून ते नाहीत असे होत नाही.

देशात कायदा आहे. ई-कचरा व्यवस्थापन नियम २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू झाले. वस्तू बनवणाऱ्या कंपनीवरच तिच्या कचऱ्याची जबाबदारी टाकण्याचे तत्त्व त्यात आहे. पूर्वी २१ वस्तूंना नियम लागू होते, आता १०६ वस्तूंना आहेत. पुनर्प्रक्रियेचे उद्दिष्ट ६० टक्क्यांपासून सुरू होऊन २०२७-२८ मध्ये ८० टक्क्यांवर जायचे आहे. कागदावर साखळी पुरी आहे. पण तिची पहिली कडी म्हणजे आपली आलमारी, आणि तेथून अधिकृत केंद्रापर्यंत माल पोचवायला खेड्यात कुणी नसते.

ही कडी जोडता येते, हे पुण्याने दाखवले आहे. तेथे कचरा वेचणाऱ्या बाया-माणसांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' १९९३ साली उभी राहिली. बाबा आढावांसारखी माणसे त्यांच्या पाठीशी होती. पुढे त्यातूनच 'स्वच्छ' ही त्यांची स्वतःची सहकारी संस्था निघाली. घरोघरचा कचरा त्या नेतातच, शिवाय लोकांना ठरलेल्या दिवशी जुने कपडे, भंगार आणि इलेक्ट्रॉनिक कचरा आणून द्यायला सांगतात. त्यात आपल्यासाठी मोलाची गोष्ट ही की भंगार वेचणाऱ्याच्या तोंडची भाकर काढून हे काम केले नाही. त्यालाच ओळखपत्र, मान आणि सुरक्षित काम दिले. तुकडे वेचायचे ते असे.

या आठवड्यापासून आपण काय करावे?

पहिली गोष्ट, घेण्याआधी थांबा. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००९ च्या आपल्या परिपत्रात म्हटल्याचा आशय असा की खरेदी हा नुसता पैशाचा व्यवहार नसतो, तेही एक नैतिक कृत्य असते. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २४ मे २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रात वापरून फेकण्याच्या वृत्तीवर बोट ठेवले. तेव्हा नवा फोन घेताना घरातला चार्जर चालतो का, हे आधी पाहा. चालत असेल तर नवा घेऊ नका. नसेल तर प्रमाणित घ्या, आणि घरातल्या सर्वांना चालेल असा एकच घ्या.

दुसरी, केबल तुटली तर फक्त केबल बदला. वीज देणारा डबा बहुधा चांगला असतो.

तिसरी, जे चालते ते देऊन टाका. संत थॉमस म्हणतात त्याचा आशय असा : वस्तूची मालकी आणि व्यवस्था आपली असू शकते, पण तिचा वापर करताना ती सर्वांसाठी आहे असे मानून गरजवंताला द्यायला तयार असावे. आपल्या खणात पडलेला चालू चार्जर शेजारच्या घरात लागत असेल, तर तो अडकवून ठेवणे योग्य नव्हे. तो कोणत्या धर्माच्या घरात जातो, हे विचारूही नये.

चौथी, जे चालत नाही ते जाळू नका, उकिरड्यावर टाकू नका. पुढील रविवारपासून चर्चच्या व्हरांड्यात आम्ही एक खोके ठेवणार आहोत. निकामी चार्जर, केबल, इअरफोन त्यात आणून टाका. फुगलेली किंवा गळकी बॅटरी मात्र त्यात टाकू नका, ती पेट घेऊ शकते; ती वेगळी, कोरड्या जागी ठेवून आम्हांला सांगा. खोके भरले की ते महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या यादीतील अधिकृत केंद्राकडे पोचवण्याची व्यवस्था आम्ही करू. भंगारात दिले असते तर चार पैसे मिळाले असते, हे आम्हांला ठाऊक आहे. ते चार पैसे म्हणजे या कामातले आपले दान समजा.

पाचवी आणि सर्वांत अवघड. दारावर जो भंगारवाला येतो, त्याला ओट्यावर बसवून पाणी द्या आणि वायर जाळू नको, सोलून घे, असे प्रेमाने सांगा. त्याची लेकरे सोबत असतील तर त्यांची विचारपूस करा, शाळेचे विचारा. पेपर, लोखंड, डबे त्यालाच द्या. त्याचा धंदा बुडावा ही आपली इच्छा नाही, त्याचे आयुष्य वाढावे ही आहे.

आपला समाज लहान आहे. वडनेरच्या एका खोक्याने जगाचा डोंगर हलणार नाही, असे कुणी म्हणेल. अंद्रियानेही तेच विचारले होते, एवढ्या लोकांत पाच भाकरींनी काय होणार म्हणून. प्रभूने त्याच्याशी वाद घातला नाही. त्या पाच भाकरी मागून घेतल्या. शेवटी शिष्यांच्या हाती टोपल्या दिल्या त्याही बाराच, प्रत्येकाला एक. म्हणजे कुणालाही मोकळ्या हाताने उभे राहता आले नाही. आपल्या वाट्याची टोपली आपल्या आलमारीत वाट पाहते आहे.

प्रार्थना

हे प्रभू येशू, तू आम्हांला भरपूर दिलेस. त्यातले तुकडे आम्ही पायदळी तुडवू नयेत एवढी जाण दे. आम्ही घेतो त्या वस्तूंमागचे हात आणि टाकतो त्या वस्तूंपुढचे हात आम्हांला दिसू देत. वस्तू बनवणाऱ्यांना आणि विकणाऱ्यांना एका मापाने वागण्याची बुद्धी दे. कचऱ्यात राबणाऱ्या लेकरांना स्वच्छ हवा आणि शाळेची वाट मिळू दे. आमची माती, आमचे पाणी आणि आमचे शेजारी यांची राखण आमच्या हातून घडू दे. आमेन.

आपणा सर्वांना प्रभूचा आशीर्वाद लाभो.

आपले धर्मगुरू